पाठीशी बोलताना

"खिसा बघ, वृंदू," हर्डीकरकाका म्हणाले. "चेहरा नंतर. आधी खिसा बघ."

मी चेहराच बघत होते.

कोल्हापुरात ताराबाई पार्कात निगवेकर प्रतिष्ठानचा बंगला आहे. त्याच्या वरच्या मजल्यावरच्या लांब खोलीत त्या सकाळी पंधरावीस चित्रं होती आणि एक सोडून बाकी सगळी भिंतीकडे तोंड करून ठेवलेली होती. ते एक मधल्या ईझेलवर होतं. त्यात माझे वडील होते, अण्णा. मिरजेचे चित्रकार बाळकृष्ण कुंभोजकर. त्यांना जाऊन तेव्हा चार महिनेही झाले नव्हते.

इस्त्री नसलेला पांढरा शर्ट, गळ्याशी उघडं बटण, आणि त्याच्यावर तो चेहरा. कॅन्सरच्या ऑपरेशननंतरचा. एका बाजूचा जबडा नाही, त्या बाजूचा गाल आत गेलेला, ओठाचा कोपरा खाली ओढलेला. तो चेहरा मी दवाखान्यात एकदाच पाहिला होता. ते गेल्यावर पाहिला तो धरायचा नाही, तेव्हा त्याच्यावर कापूस होता. त्या चेहऱ्याचं कुणी चित्र केलंय हे खोलीत शिरेपर्यंत मला माहीत नव्हतं. फोनवर जयसिंगराव निगवेकर एवढंच म्हणाले होते, "एका चित्राबद्दल तुमचं मत हवंय, ताई. थोडा वेळ काढा."

"खिसा," हर्डीकरकाका पुन्हा म्हणाले.

"त्यांच्या उजव्या बाजूला आहे."

"पुरुषाच्या शर्टाला खिसा कुठं असतो?"

"डावीकडे."

"आणि बाळूचा जबडा कुठला काढला होता? मला माहीत नाही. मला त्यानं नंतर घरात घेतलंच नाही."

"डावा," मी म्हटलं.

चित्रात उजवा गेलेला होता.

काकांनी मांडीवर थाप मारली. अण्णांचे ते कॉलेजातले सोबती, आता स्वतः नावाजलेले चित्रकार आणि प्रतिष्ठानच्या निवड समितीचे प्रमुख. समोरच्याची चूक सापडली की त्यांना लहान मुलासारखा आनंद व्हायचा.

"आरसा, जयसिंगराव!" ते म्हणाले. "मी म्हटलं नव्हतं? माणूस समोर बसवून काढला तर खिसा डावीकडेच येतो. फोटोवरून काढला तरी डावीकडेच. उलटा कधी येतो? माणूस आरशात बघून स्वतःचं चित्र काढतो तेव्हा. आणि बाळूच्या ईझेलला पुस्तकाएवढा आरसा कायम सुतळीनं बांधलेला. आपलंच चित्र त्यात उलटं बघायचा, चुका शोधायला. कॉलेजपासूनची खोड. हे बाळूनं स्वतःचं काढलेलं चित्र आहे. शेवटचं. त्या पोरीनं खाली नुसती सही ठोकली."

चित्राच्या कोपऱ्यात सही होती. तस्नीम नदाफ.

निगवेकरांचा कारखाना ओतकामाचा. जयसिंगरावांनी आईच्या नावानं प्रतिष्ठान काढलं होतं आणि दर वर्षी ते दोघातिघा नव्या चित्रकारांना शिष्यवृत्ती देत. माणसं, झाडं, रस्ते डोळ्याला दिसतात तसे काढणाऱ्यांनाच. अशा चित्रांना आता मुंबईत कुणी विचारत नाही, म्हणून कोल्हापुरात तरी कुणी विचारावं, असं त्यांचं म्हणणं. अट एकच. चित्र स्वतःच्या हातचं आणि प्रत्यक्ष बघून काढलेलं हवं. त्या शिष्यवृत्तीवर माणूस वर्षभर दुसरं काही न करता चित्रं काढू शकतो. अण्णांच्या पिढीला असलं काही मिळालं नव्हतं. ते सिनेमाचे बोर्ड रंगवून शिकले.

"मुलगी खाली बसलीय," जयसिंगराव म्हणाले. "ती म्हणते चित्र माझं आहे. हर्डीकरसाहेब म्हणतात नाही. आता घरच्या माणसाचा शब्द शेवटचा. तुम्ही म्हणालात हे अण्णांचं, की विषय संपला." त्यांनी आवाज खाली आणला. "आणि अण्णांचं ठरलं तर चित्र तुमचंच होतं, ताई. तुम्ही ते आम्हाला द्यावं अशी विनंती. अण्णांच्या नावानं इथं दालन करतोय."

"अण्णा होते तोवर तुम्ही त्यांचं एकही चित्र लावलं नव्हतं."

"राहून गेलं खरं," ते म्हणाले. नळ दुरुस्त करायचा राहून जावा तसं. "तेच आता करतोय."

मला राग आला होता, पण त्या दोघांचा नव्हे. त्यांच्यावर रागवायला मी तिथं पुरती पोचलेच नव्हते. मला राग होता तो खाली बसलेल्या मुलीचा. आणि तो चित्र पाहण्याच्या कितीतरी आधीपासूनचा होता.

दवाखान्यात अण्णांच्या तोंडावरची पट्टी पहिल्यांदा सोडली तेव्हा मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. नर्सनं विचारलं, "आरसा देऊ का, काका?" त्यांनी मानेनं नको म्हटलं आणि माझ्याकडे पाहिलं. जन्मभर लोकांना समोर बसवून त्यांचे चेहरे वाचलेला माणूस. त्यांना स्वतःचा चेहरा आरशात बघायचा नव्हता, माझ्या चेहऱ्यावर बघायचा होता. तिथं त्यांना काय दिसलं, मला माहीत नाही. अशा वेळी चेहऱ्यावर काय असावं हे कुठल्या पुस्तकात मी वाचलेलं नव्हतं. ते जड जिभेनं म्हणाले, "कळलं." आणि भिंतीकडे वळले.

त्यानंतर त्यांनी मला तोंड दाखवलं नाही. हे मी अगदी शब्दशः सांगते आहे.

मिरजेच्या घरी मागच्या खोलीत ते चित्रं काढायचे. तिथं त्यांनी आपली खुर्ची दाराकडे पाठ करून ठेवून घेतली. समोर त्यांचं ईझेल, त्यावर कोरा कॅनव्हास. देखरेखीला ठेवलेल्या बाई आत-बाहेर करायच्या, त्यांचं अण्णांना काही नव्हतं. बंदी ओळखीच्या माणसांना होती. मी पुण्याहून सुट्टीच्या रविवारी यायची. पहिल्या रविवारी आत पाऊल टाकलं तर ओरडले. ओरडणं कसलं, त्या तोंडातून जो आवाज निघाला तो मला पुन्हा ऐकायचा नव्हता. "दारातच थांब. तिथूनच बोल."

मग मी दारात उभी राहून त्यांच्या पाठीशी बोलायची. मानेवरचे वाढलेले केस, शर्टाची विटलेली कॉलर, खुर्चीच्या वेताच्या जाळीतून दिसणारे पाठीचे मणके. मी शिकवायची त्या कॉलेजातल्या गमती सांगायची. आमच्या प्राचार्यांची नक्कल करायची. नवऱ्यानं पुरणात मीठ घातलं ती गोष्ट मी त्यांना दोनदा सांगितली असेन. कधी त्यांचे खांदे हलायचे, म्हणजे हसले. पाठीशी बोलायचा एक फायदा असतो. चेहऱ्याचं काही करावं लागत नाही. आवाज तेवढा सांभाळायचा. मला तो चांगला सांभाळता येत होता. मग थोड्या वेळानं त्यांचा उजवा हात वर व्हायचा. पुरे. जा आता.

आणि ती मुलगी आत असायची.

बाजूच्या भिंतीला लागून, त्यांच्या थोडी मागे, स्टुलावर. पुढ्यात तिचं ईझेल. मी दारात दिसले की ती घाईनं चित्रावर कापड टाकायची आणि हात मांडीवर ठेवून बसायची. उठायची नाही. पाणी विचारायची नाही. माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही. त्यांच्याकडे दोन वर्षं शिकायला येत होती म्हणे. मी लेक, दारात. ती आत. त्या कापडाखाली काय लपवते, असं मला प्रत्येक रविवारी वाटायचं. आता कापड निघालं होतं.

"बोलवा तिला," मी म्हटलं.

तस्नीम वर आली ती ओढणीला हात पुसत. सव्वीस-सत्तावीसची असेल. नखांत रंग होता. मला पाहिल्यावर ती दारातच थबकली.

"ये, ये, आत ये," जयसिंगराव म्हणाले. "घरचे काय करतात गं?"

"अब्बा गाद्या भरतात. मिरज मार्केटला."

"आणि तुमच्यात चालतं का हे? माणसांची चित्रंबित्रं?"

"आमच्यात गाद्या भरलेल्या चालतात," ती म्हणाली. "मी तेच करावं असं सगळ्यांचंच मत आहे."

काका हसले. जयसिंगराव हसले नाहीत.

"हे चित्र कुणी काढलं?" काकांनी विचारलं.

"मी."

"सरांना समोर बसवून?"

"समोर नाही."

"मग?"

"मागून. आरशात बघून. सरांच्या ईझेलला आरसा होता त्यातून."

काकांनी माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या. "वा! आधी आमचा आरसा ऐकला वाटतं जिन्यातून?"

"मी खाली होते, सर."

"मॉडेलला मागून बसून आरशातून काढतात, असं मी पन्नास वर्षांत ऐकलं नाही. समोर बसायला काय झालं होतं?"

"सर समोरून बघू देत नव्हते कुणाला." ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "त्यांनीच असं ठरवलं. म्हणाले, तू माझ्या पाठीमागं बस. मला तू बघतेस ते कळायला नको. आरशात जो माणूस दिसतो तो काढ, तो मी नव्हे असं समज."

"बरं. आणि हात?" काका उठून चित्रापाशी गेले. "हे बघा, जयसिंगराव. गालाच्या खळग्यात गडद रंगावर हा फटका कसा ओला ओढलाय. खाली तोडलाय. हा हात मी ओळखतो. हा हात बाळूचा आहे."

"त्यांनीच शिकवलं," तस्नीम म्हणाली. "मग माझा हात कुणासारखा येणार? तुमच्यासारखा?"

"तोंड सांभाळून बोल," जयसिंगराव म्हणाले.

"सरांना ब्रश धरता येत नव्हता शेवटी." आता तिचा आवाज फाटायला लागला होता. "त्या इंजेक्शनांनी बोटं बधिर झाली होती. चहाचा कप मी धरायचे. शर्टाचं बटण लागायचं नाही, म्हणून ते चित्रात उघडं आहे. ताईंना विचारा."

तिघेही माझ्याकडे बघायला लागले.

त्या क्षणाबद्दल मी पुष्कळदा विचार केला आहे. मला अण्णांच्या बोटांबद्दल काहीही माहीत नव्हतं. त्यांच्या चहाबद्दल, बटणांबद्दल. मला मान माहीत होती, कॉलर माहीत होती. ही परकी मुलगी माझ्या वडिलांचा कप धरत होती आणि मला साक्षीला बोलावत होती, त्या कपाची.

"काय गं, वृंदू?" काकांनी विचारलं. "बोटं चालत होती ना बाळूची?"

"हात हलत होता," मी म्हटलं. "उजवा. मला जा म्हणायला ते हात वर करायचे."

"बघा!" काका म्हणाले.

तस्नीम माझ्याकडे वळली. पहिल्यांदाच तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. रागानं नव्हे. रागानं पाहिलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

"मग ताई," जयसिंगराव खुर्ची पुढे ओढत म्हणाले, "आपण तसं धरून चालू या? पोलीसबिलीस काही नको, मुलीच्या जातीचं नुकसान नको. हिचा अर्ज बाद. चित्र अण्णांचं."

"मला जवळून बघू द्या," मी म्हटलं.

मला कुणाला न्याय द्यायचा नव्हता. हे माझं आहे असं ठरणार असेल तर ते एकदा बघून घ्यावं, एवढंच होतं. अण्णांनी शेवटी स्वतःला काढलं आणि मला ते दिसू दिलं नाही, तर निदान आता दिसू दे. मी ईझेलपुढे उभी राहिले आणि त्यांच्या डोळ्यांत बघायला गेले.

आमच्या घरी एक रीत होती. दिवाळीच्या पाडव्याला, अभ्यंगस्नान झाल्यावर, आई ओवाळायच्या आधी, अण्णा आरसा घेऊन बसायचे आणि स्वतःचं एक छोटं चित्र काढायचे. दर वर्षी एक. ती सगळी न्हाणीघराच्या बोळात ओळीनं लावलेली. लहानपणी तिन्हीसांजेला त्या बोळातून जायला मी घाबरायची. कुठूनही जा, सगळे अण्णा माझ्याचकडे बघतायत. मी रडले तेव्हा त्यांनी मला कडेवर घेऊन समजावलं होतं. "अगं, तुझ्याकडे नाही बघत ते. माणूस आरशात बघून आपला डोळा काढतो ना, तेव्हा त्याला आपल्याच डोळ्यात बघावं लागतं. दुसरीकडे बघितलं तर डोळा दिसणारच नाही, काढणार काय? म्हणून स्वतःचं चित्र काढणारा नेहमी समोरच्याच्या डोळ्यात बघतो. त्याला दुसरं काही जमतच नाही बिचाऱ्याला."

ईझेलवरचे अण्णा माझ्या डोळ्यांत बघत नव्हते.

मी थोडी डावीकडे सरकले. मग उजवीकडे. खाली वाकले. खोलीतले तिघे बघत होते, मला त्याचं काही वाटलं नाही. कुठूनही ती नजर मला भेटेना. ती माझ्या खांद्यावरून पलीकडे, थोडी वर, कुठंतरी लागलेली होती. ते काहीतरी बघत होते. स्वतःला नव्हे.

"हे अण्णांनी काढलेलं नाही," मी म्हटलं.

"अगं, खिसा—"

"खिसा राहू दे, काका. डोळे बघा. आता तुम्ही डोळे बघा. हा माणूस स्वतःला बघतोय का?"

काका चष्मा कपाळावर सरकवून पुढे आले. चित्रासमोर उभे राहिले. तेही आधी डावीकडे सरकले, मग उजवीकडे. त्यांच्या घरीही पन्नास वर्षांची आरशातली चित्रं असणार. त्यांच्या तोंडावरचा आनंद हळूहळू उतरला.

"मग फोटो असेल," ते पुटपुटले.

"फोटोवरून असतं तर खिसा उलटा आला नसता. तुम्हीच म्हणालात."

ते परत येऊन खुर्चीत बसले. "तिनंच काढलंय," ते जयसिंगरावांना म्हणाले. आणि मग चित्राकडे हात करून, "च्यायला, चांगलं काढलंय."

जयसिंगरावांनी घसा साफ केला. दालनातली एक भिंत मोकळी राहिली याचा हिशेब त्यांच्या तोंडावर दिसत होता. मी तिकडे लक्ष दिलं नाही.

"कुठं बघतायत ते?" मी तस्नीमला विचारलं.

ती नखातला रंग काढायला लागली.

"तस्नीम, आरशात तू होतीस. तुझ्याकडे बघत असते तर चित्रात ते माझ्या डोळ्यांत बघताना दिसले असते. तुझ्याकडे नाही, स्वतःकडे नाही. मग कुठं?"

"सरांनी सांगू नको म्हटलं होतं."

"कुणाला?"

"तुम्हाला."

"सर गेले," मी म्हटलं. "सांग."

तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "दाराकडं."

मी पुन्हा चित्राकडे वळले.

"त्यांनी आरसा तसा बांधून घेतला होता माझ्याकडून," ती म्हणाली. "त्यात दार दिसेल असा. तुम्ही यायच्या रविवारी सकाळी मला दोनदा तीनदा सरळ करायला लावायचे. जरा वर घे. जरा तिरका कर. दार पूर्ण येतंय का बघ."

मी त्या आरशाकडे कधी पाहिलंच नव्हतं. तो तिथं मी जन्मले तेव्हापासून होता. मी पाठीकडे बघत होते.

"म्हणजे मी त्यांना दिसायची."

"हो."

"सगळी?"

तिला प्रश्न कळला. तिला तो आधीपासून ठाऊक असावा. "तुम्ही हसून बोलायचा," ती हलकेच म्हणाली. "ते पुरणात मीठ वगैरे. आवाज एकदम छान असायचा, ताई. आणि तोंडावरून पाणी वाहत असायचं. तुम्ही पुसायचासुद्धा नाही, आवाज यायला नको म्हणून. मला बघवायचं नाही, म्हणून मी मान खाली घालून बसायचे. तर सर म्हणाले..."

"काय म्हणाले?"

"तुम्ही गेल्यावर म्हणाले. खाली बघून चित्र येत नाही. पुढच्या वेळी ती आली की कापड टाक, हात थांबव, पण नजर काढू नकोस. तिच्याकडं बघायचं नाही, माझ्याकडं बघायचं. माझे डोळे त्या वेळी कसे होतात ते बघून ठेव. ती गेली की लगेच काढ." तिनं ओढणीचं टोक सोडलं. "म्हणाले, असं तुला पुन्हा कुणी दाखवणार नाही."

जयसिंगरावांनी चष्मा काढून डोळे पुसले. खरंच पुसले. "काय प्रसंग आहे!" ते म्हणाले. "काय बाप! ताई, हे आपण पुस्तिकेत घालू. चित्राच्या शेजारी, दोन परिच्छेद. तुमच्याच शब्दांत."

"एक अक्षर घालायचं नाही," मी म्हटलं.

"अहो, पण लोकांना—"

"जयसिंगराव, मला अण्णांबद्दल मत विचारायला बोलावलंत. माझं मत सांगितलं. चित्र हिचं आहे. शिष्यवृत्ती द्यायची की नाही ते तुम्ही दोघे ठरवा, पण चोर म्हणून बोलावलं होतं तिला, तर आधी माफी मागा. माझ्यासमोर."

त्यांनी हर्डीकरकाकांकडे पाहिलं. काकांनी मागितली. खुर्चीतून उठून, नीट, तिचं नाव घेऊन मागितली. जयसिंगराव फक्त म्हणाले, "गैरसमज झाला."

मी खाली उतरले. पोर्चमध्ये चपला घालत होते तेव्हा ती मागून धावत आली. चित्र तिनं हातात आणलं होतं, त्याच कापडात गुंडाळलेलं. ते कापड मी ओळखलं.

"ताई, हे तुम्ही घ्या. निकाल लागू दे नाहीतर नको. हे तुमचं आहे."

"नको."

"ते तुमच्याकडंच बघतायत यात."

"माहीत आहे."

"रागावलात?"

"हो."

"माझ्यावर?"

मी तिच्याकडे पाहिलं. तिच्यावर किती दिवस रागावले होते मी, आणि आता शोधून तो राग सापडेना. तो तिथून निघून नेमका आपल्या जागी गेला होता.

"त्यांना मला बघायचं होतं," मी म्हटलं, "तर त्यांनी मागं वळायचं. एवढंच करायचं होतं, तस्नीम. खुर्ची वळवायची. मी दारात उभी होते. मी त्यांचा चेहरा बघितला असता. पहिल्यांदा नसेल जमलं मला, दुसऱ्यांदा जमलं असतं, दहाव्यांदा जमलं असतं. त्यांनी मला एकदाच बघितलं आणि ठरवून टाकलं. आणि मग आरसा लावून घेतला. मी रडतेय हे त्यांना दिसत होतं. दर वेळी दिसत होतं. तरी हात वर केला, जा म्हणाले, आणि तुला चित्र काढायला लावलं."

"त्यांना दुसरं काय येत होतं, ताई?" ती म्हणाली.

त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही. पण ते उत्तर नाही म्हणून राग जातो असंही नाही.

"तू ठेव," मी म्हटलं. "त्यांनी तुला दाखवलं. मला जे दाखवलं ते माझ्यापाशी आहे."

तिला शिष्यवृत्ती मिळाली. हर्डीकरकाकांनी पत्र लिहून कळवलं, त्यात बाळूबद्दल बरंच काही होतं, खिशाबद्दल काही नव्हतं. निगवेकरांचं दालन झालं, त्यात अण्णांनी काढलेले दोन जुने बोर्ड आहेत. मी पाहायला गेले नाही.

त्याला आता बरीच वर्षं झाली. मागच्या हिवाळ्यात तस्नीमचं प्रदर्शन पुण्यात भरलं. तिनं निमंत्रण पाठवलं होतं, कोपऱ्यात पेनानं लिहिलं होतं, "तेही आणलंय." मी दुपारी गेले, गर्दी नसते तेव्हा. ते आतल्या भिंतीवर एकटंच लावलं होतं. खाली किंमत नव्हती.

मी समोर उभी राहिले. डावीकडे सरकले नाही, उजवीकडे सरकले नाही. मला आता ठाऊक होतं. कुठंही उभी राहिले तरी ते मला भेटणार नव्हते. ते अजून त्या दारातल्या बाईकडे बघत होते.

शेजारी एक वयस्कर बाई येऊन थांबल्या. बराच वेळ बघून म्हणाल्या, "काय नजर आहे हो! तुमच्या ओळखीचे का?"

"माझे वडील," मी म्हटलं. आवाज चांगला हसरा आला.

त्या माझ्या तोंडाकडे बघून गडबडल्या आणि पुढच्या चित्राकडे गेल्या.

मग मी वळले आणि चित्राकडे पाठ करून उभी राहिले. ताठ. मानेवर केस बांधलेले होते, त्यांना मान नीट दिसत असेल. खोलीत पंख्याचा आवाज होता. मी हात वर केला नाही.

बोला, अण्णा, म्हटलं. आता तुम्ही बोला.